ब्लीच टाकलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तोच वास: ग्रेवॉटरची टाकी आणि औषधांना न जुमानणारे जंतू

तक्रार अशी असते. न्हाणीचं, बेसिनचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी, म्हणजेच ग्रेवॉटर, एका टाकीत जमतं, जाळीतून आणि वाळूच्या फिल्टरमधून जातं, मग पंप ते फ्लशला आणि बागेतल्या ठिबकला पोचवतो. पहिले काही आठवडे कुरकुर नाही. मग एके सकाळी फ्लश ओढला की सडक्या अंड्याचा वास. फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं तर शेंबडासारखा करडा थर बोटाला लागतो. ठिबकची निम्मी तोंडं बुजलेली. मग कुणीतरी ब्लीचची बाटली आणतं आणि अंदाजाने एक-दोन झाकणं टाकतं. फारच वैताग आला असेल तर अर्धी बाटली ओततं. दोन दिवस शांतता. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून येरे माझ्या मागल्या.

माझ्या टाकीवर हे चक्र जवळपास वर्षभर चाललं. ब्लीच टाकल्याच्या तारखा मी टाकीच्या झाकणावर मार्करने लिहायचो. सुरुवातीला दोन तारखांमध्ये तीन आठवड्यांचं अंतर होतं, उन्हाळ्यात ते आठ दिवसांवर आलं. ते बघून मी छातीठोकपणे सांगायला लागलो की जंतू ब्लीचला सरावले. निदान निम्मं चूक होतं. वास परत येण्याचं कारण वेगळंच निघालं. पण दर आठवड्याला अर्धवट ब्लीच टाकून आपण टाकीत काय पोसतोय, हा प्रश्न मात्र त्या चुकीच्या निदानामुळेच डोक्यात आला, आणि तो बिनबुडाचा नव्हता.

घाईत असाल तर एवढं करा: आज ब्लीच ओतू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, भिंती ब्रशने घासा, पाणी चोवीस तासांपेक्षा जास्त साठणार नाही अशी व्यवस्था करा, आणि बागेचं पाणी मातीच्या वर उडवण्याऐवजी मातीच्या आत सोडा. असं का, ते खाली.

वास कुठून येतो

सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. टाकीतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपला की सल्फेटवर गुजराण करणारे जिवाणू जोर धरतात आणि सल्फेटचं सल्फाइड करतात. सल्फेट मुळात नळाच्या पाण्यात थोडंफार असतंच, त्यात कपड्यांच्या पावडरीची भर पडते. अनेक पावडरींमध्ये सोडियम सल्फेट हे निव्वळ वजन वाढवणारं भरताड म्हणून घातलेलं असतं. म्हणजे वासाचा कच्चा माल आपणच मापाने मशीनमध्ये घालत असतो. बाकीचं खाद्य म्हणजे अंगाचा मळ, केस, साबणातली चरबी आणि कपड्यांचे तंतू. कुणी स्वयंपाकघरातल्या सिंकचं पाणीही याच टाकीत सोडलं असेल तर मग विचारूच नका. ते पाणी टाकीतून आधी बाहेर काढा. तेलकट पाणी आलं की पुढचा कुठलाच उपाय पुरा पडत नाही.

ताज्या ग्रेवॉटरला फारसा वास नसतो. हवा न मिळता ते एक दिवसापेक्षा जास्त पडून राहिलं की बिघडायला लागतं, आणि त्यातले विष्ठेशी संबंधित जिवाणू साठवणुकीच्या पहिल्या दोन दिवसांत दहापट ते शंभरपट वाढू शकतात. उष्णतेत हे सगळं भराभर होतं. माझ्या झाकणावरच्या तारखा जवळ आल्या त्या यामुळे. त्या दिवसांत जंतू सरावले नव्हते, पाणी तापलं होतं.

मग हिशोब केला. टाकी ५०० लिटरची. फ्लश आणि बाग मिळून रोजचा वापर १८० लिटरच्या आसपास. म्हणजे टाकीतलं पाणी सरासरी पावणेतीन दिवस तिथेच बसलेलं. मोठी टाकी घेताना मला वाटलं होतं, जितकं साठवू तितकं चांगलं. पिण्याच्या पाण्याला ते ठीक. ग्रेवॉटरच्या बाबतीत मोठी टाकी म्हणजे निवांत आंबण्याची सोय.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. वास कुठून येतो ते बघायला टाकीत डोकं घालू नका, उतरायचं तर नावच काढू नका. हायड्रोजन सल्फाइड फार थोडा असतानाच नाकाला कळतो, पण हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत १०० भागांच्या घरात गेलं की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. बंद टाकीत उतरून माणसं मरतात ती याच फसगतीत. लांब दांड्याचा ब्रश घ्या, बाहेरून घासा.

ब्लीच दोन दिवसच का पुरतं

याची परीक्षा बादल्यांनी करता येते, आणि ती एकदा कराच. टाकीतलं पाणी तीन बादल्यांमध्ये दहा-दहा लिटर घ्या. ब्लीच साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं असेल तर १ मिलिलिटर ब्लीचमध्ये ५० मिलिग्रॅम क्लोरीन असतं. दहा लिटरला ते लिटरमागे ५ मिलिग्रॅम पडतं. सुई नसलेल्या सिरिंजने पहिल्या बादलीत १, दुसरीत २ आणि तिसरीत ४ मिलिलिटर टाका. ढवळा. अर्ध्या तासाने पोहण्याच्या तलावासाठी मिळणारी मुक्त, म्हणजे अजून खर्ची न पडलेल्या, क्लोरीनची पट्टी बुडवून बघा.

माझ्याकडे पहिल्या बादलीत पट्टी पांढरीच राहिली. दुसरीतही पांढरी, पण त्या पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा उग्र वास सुटला. तिसरीत कुठे पट्टीवर फिकट छटा आली. म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन टाकूनही अर्ध्या तासाने मुक्त असं काही उरत नव्हतं. अंगाचा मळ, साबण आणि अमोनिया ते सगळं गिळत होते. आणि तलावाचा तो वास, जो बहुतेकांना ‘भरपूर क्लोरीन’ची खूण वाटतो, तो क्लोरामाइनचा असतो. क्लोरीन कमी आणि घाण जास्त झाली की तो येतो.

आता माझी नेहमीची एक-दोन झाकणं ५०० लिटरमध्ये किती पडत होती? झाकण १० मिलिलिटरचं धरा. दोन झाकणांत १००० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. बादलीत १० पचवणारं पाणी २ मिलिग्रॅमला काय दाद देणार? वर ब्लीचची बाटली उन्हात, महिनोन्‌महिने उघडझाप करत ठेवलेली. हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने विरत जातं, त्यामुळे लेबलवरचे ५ टक्के बाटलीत असतीलच याची खात्री नाही.

अर्धी बाटली ओतल्यावर मात्र पाण्यात तरंगणारे जंतू मरायचे. भिंतीवरच्या थरातले नाही. तो शेंबूड म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेलं चिकट घर. क्लोरीन त्याच्या पृष्ठभागावरच खर्ची पडतं, आतली वस्ती शाबूत राहते, आणि नवं पाणी आलं की तिथून पुन्हा बीज पडतं. दोन दिवसांची शांतता ती एवढीच.

आता खरा अवघड भाग

प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिक औषधांना, प्रतिकार करणारे जंतू आपल्या टाकीत येतात तरी कुठून? हॉस्पिटलचं सांडपाणी म्हटलं तर पटतं. घरच्या आंघोळीच्या पाण्यात कशाला असतील, असं मलाही वाटायचं. पण आंघोळीत विष्ठेचा अंश धुतला जातोच, अंतर्वस्त्रांतून आणि लहान मुलांच्या दुपट्यांतून तर नक्कीच. एक ग्रॅम विष्ठेत आतड्यात राहणारे ई. कोलाय जिवाणू साधारण एक कोटी धरा. ग्रॅमचा दहावा भाग, म्हणजे अगदी किंचित अंश, ५०० लिटरमध्ये गेला तरी दहा लाख जिवाणू झाले; मिलिलिटरला दोन, १०० मिलिलिटरला २००. घरगुती पुनर्वापर संयंत्रांसाठीच्या एनएसएफ ३५० या अमेरिकी मानकात शुद्ध केलेल्या पाण्यात सरासरी १०० मिलिलिटरला १४ एवढीच मुभा आहे. आणि आपले २०० अजून दोन दिवस उबेत बसायचे आहेत. त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस आणि ओल्या जागी हमखास घर करणारा स्यूडोमोनास हे पाहुणे निराळेच.

यातले काही जंतू औषधांना दाद न देणारे असणार हे गृहीत धरून चालावं. निरोगी माणसाच्या आतड्यातही असे ई. कोलाय सुखाने नांदत असतात, त्याला पत्ताही नसतो. पृथ्वीभर या प्रतिकाराची किंमत केवढी, याचा २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अंदाज असा: २०१९ या एका वर्षात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिकारक जिवाणूंमुळे, आणि ४९.५ लाख मृत्यूंशी त्यांचा या ना त्या प्रकारे संबंध.

तुमच्या-माझ्या टाकीचा त्यात वाटा किती? खरं सांगायचं तर नगण्य. माणसांत आणि जनावरांत औषधांचा बेसुमार वापर, हॉस्पिटलांतला संसर्ग, प्रक्रिया न करता सोडलेलं मैलापाणी, ही मोठी प्रकरणं. प्रतिजैविकं लघवीतून बाहेर पडतात, अमॉक्सिसिलिनचा तर निम्म्याहून जास्त भाग जसाच्या तसा पडतो, पण लघवी मुख्यतः संडासात जाते, ग्रेवॉटरमध्ये क्वचित. घरात वापरलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून जास्त पाणी ग्रेवॉटर असतं. ते वाया घालवण्याइतकं हे भय मोठं नाही. तरीही ही टाकी वेगळी ठरते, कारण इथलं पाणी त्याच घरातल्या माणसांच्या हाताला लागतं. फ्लशचा तुषार, बागेत खेळणारं मूल, फिल्टर उघडणारे माझे हात. एकाच्या आतड्यातला हट्टी जंतू दुसऱ्यापर्यंत पोचवणारी ही छोटी, घरगुती वाट आहे, आणि ती बंद करणं आपल्या हातात आहे.

मग माझं ‘सरावले’ कितपत खरं? औषधाला दाद न देणारा ई. कोलाय पुरेशा क्लोरीनने बहुतेक त्याच्या साध्या भावंडासारखाच मरतो. सगळी गोम ‘पुरेशा’ या शब्दात आहे. मात्रा कमी पडली की जिवाणूला नुसता चटका बसतो. अशा चटक्याने जिवाणूंमधली जनुकांची देवघेव वाढते, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. आणि देवघेवीला चिकट थरासारखी जागा नाही: हजारो जाती अंगाला अंग लावून बसलेल्या, आणि प्रतिकाराची जनुकं वाहून नेणारे डीएनएचे छोटे कडे, प्लास्मिड, एकीतून दुसरीत जाताहेत. एका जातीने कमावलेलं दुसरीला आयतं मिळतं.

अर्धवट मात्रेबद्दल खुद्द पेनिसिलिनवाल्यानेच सावध केलं होतं. अलेक्झांडर फ्लेमिंगने डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानात सांगून ठेवलं होतं की घरच्या घरी कमी मात्रेत औषध घेणारा माणूस जंतूंना मारण्याऐवजी तरबेज करेल. तो बोलत होता पेनिसिलिनबद्दल, पण माझी दोन झाकणं मला तेव्हा आठवली.

१९२८ या वर्षाची गंमत आहे. त्याच वर्षी फ्लेमिंगला बशीत बुरशी दिसली, आणि त्याच वर्षी फ्रेडरिक ग्रिफिथने दाखवलं की मेलेल्या न्यूमोनियाच्या जिवाणूंचा गुण जिवंत जिवाणू उचलू शकतात. म्हणजे औषध आणि औषधाला चकवण्याचा एक मार्ग एकाच वर्षी हाती आले, फक्त तेव्हा कुणी त्यांची सांगड घातली नाही. आपल्या टाकीला ग्रिफिथ लागू पडतो तो असा: क्लोरीनने जिवाणू मेला तरी त्याचं डीएनए फुटून पाण्यात पडतं, काही काळ टिकतं, आणि थरातला एखादा जिवंत जिवाणू ते गिळून घेऊ शकतो. म्हणून ‘मारलं की संपलं’ हा हिशोब इथे पुरता लागत नाही. मेलेल्यांचा कचराही बाहेर काढावा लागतो, आणि तो ब्रशने आणि उपशाने निघतो.

‘अँटिबॅक्टेरियल’ साबणाचं काय

वास मारायला मी मध्यंतरी जंतुनाशक साबण आणि फरशीचं सुवासिक द्रावण वापरून पाहिलं. हा सगळ्यात वाईट उपाय निघाला. अशा द्रावणांत बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी, क्वाटर्नरी अमोनियम गटातली रसायनं असतात. टाकीत ती इतकी पातळ होतात की मारत नाहीत, पण निवड मात्र करतात: त्यांच्यापुढे तग धरणारे जंतूच मागे उरतात. त्यांना तोंड देणारी जनुकं पुष्कळदा प्रतिजैविकांच्या प्रतिकाराच्या जनुकांशेजारीच, एकाच गठ्ठ्यात बांधलेली असतात. क्लास-१ इंटिग्रॉन नावाच्या गठ्ठ्यात सल्फा औषधांना निष्प्रभ करणारं जनुक आणि या रसायनांचं जनुक पाठीला पाठ लावून सापडतात. साबणाने एकाला निवडलं की दुसरं फुकटात आलं.

जंतुनाशक साबणांत घातल्या जाणाऱ्या ट्रायक्लोसान या रसायनाची कथा तर फारच बोलकी. सगळ्यांना वाटत होतं हे ब्लीचसारखं सरसकट मारतं. १९९८ मध्ये दिसलं की ते जिवाणूच्या एका ठरावीक विकरावर (एन्झाइमवर) नेम धरतं, प्रतिजैविकासारखंच. आणि क्षयाच्या आयसोनियाझिड या औषधाचा नेमही त्याच कुळातल्या विकरावर असतो. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पाण्याने धुऊन टाकायच्या घरगुती साबणांतून ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बनसह १९ घटक हद्दपार केले. साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत, हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. ग्रेवॉटर वापरणाऱ्या घरात साधा साबणच ठेवा. टाकीला त्याचा त्रास कमी, तुम्हाला फरक शून्य.

दुरुस्ती, मी केली त्या क्रमाने

पहिली म्हणजे टाकी छोटी केली, नवी न आणता. फ्लोट आणि ओसंडण्याचा पाइप खाली आणून भरण्याची पातळी १५० लिटरवर ठेवली. वरचं येणारं पाणी थेट गटाराला. पंपाला टायमर लावला, जो पहाटे उरलेलं पाणी बागेत किंवा गटारात काढून टाकतो, म्हणजे कुठलंही पाणी दुसरी रात्र टाकीत काढत नाही. खरं सांगतो, इथेच वास ऐंशी टक्के गेला. दोनतीन दिवस घर बंद राहणार असेल तर टाकी आणि फ्लशची टाकी दोन्ही रिकाम्या करून जायचं.

टाकी पुन्हा भरण्याआधी सफाई. लांब दांड्याच्या ताठ ब्रशने भिंती, तळ, फ्लोटचा दांडा आणि पंपाची जाळी घासली. तळातला गाळ उपसला. त्यानंतर, आणि त्यानंतरच, स्वच्छ पाणी भरून क्लोरीनचा एकच पण भरभक्कम डोस: लिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे १५० लिटरला ५ टक्क्यांचं १५० मिलिलिटर ब्लीच. ते पाणी पंपाने फ्लशच्या टाकीपर्यंत खेळवलं, तासभर ठेवलं, आणि गटारात सोडलं. झाडांना नाही. हातमोजे घाला, जागा मोकळी ठेवा, आणि ब्लीचच्या आसपास संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनियाचं कुठलंही द्रावण फिरकू देऊ नका. ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाने क्लोरामाइनचा. एकदा मी फ्लशचं हे पाणी ॲसिड टाकलेल्या भांड्यात सोडता सोडता राहिलो. तेव्हापासून ॲसिड घरात ठेवतच नाही.

मग खाद्य तोडलं. मशीनच्या नळीच्या तोंडाला तंतू अडवायला बारीक जाळीची पिशवी, पावडरीऐवजी द्रवरूप डिटर्जंट. याने सल्फेट कमी झालं, शिवाय सोडियमही, जो मातीचे कण विस्कटून तिला दगड करतो. ती पिशवी आठवड्याला काढून वाळवायची. पहिल्यांदा काढली तेव्हा आतून ओल्या राखाडी गोधडीसारखा लगदा निघाला. हा सगळा ऐवज आजवर वाळूच्या फिल्टरमध्ये जाऊन कुजत होता.

हवा दिली. माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा छोटा पंप आणि बुडबुड्यांचा दगड. ऑक्सिजन असेल तोवर सल्फेटवाल्यांना डोकं वर काढता येत नाही.

हे सगळं झाल्यावर बादल्यांची परीक्षा पुन्हा केली. आता पहिल्याच बादलीत, लिटरला ५ मिलिग्रॅमला, अर्ध्या तासाने पट्टीवर रंग धरला. फ्लशचं पाणी निर्जंतुक करायचंच असेल तर करायची जागा इथे आहे: पाणी आधी स्वच्छ झाल्यावर, मोजून, अर्ध्या तासाने थोडं मुक्त क्लोरीन उरेल इतकं. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणच खाते. बागेच्या पाण्यात मात्र मी क्लोरीन अजिबात टाकत नाही.

अल्ट्राव्हायोलेट दिव्याबद्दल विचारणा फार होते, म्हणून थोडक्यात. दिवा चांगला, पण तो पाण्यातून पलीकडचं दिसेल इतक्या नितळ पाण्यालाच. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या सावलीत लपतात. चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूलच्या नेहमीच्या मात्रेत ई. कोलाय खलास होतो, पण प्रतिकाराच्या जनुकाचे तुकडे पाडायला त्याच्या कितीतरी पट मात्रा लागते. घरगुती दिव्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. आणि दिवा निळा दिसतो म्हणजे काम करतो असं नाही. साधारण ९००० तासांनी, म्हणजे अखंड चालला तर वर्षभरात, त्याचा जोर उतरलेला असतो.

पाणी कुठे सोडायचं

वर्षभर मी सगळी अक्कल पाणी निर्जंतुक करण्यात खर्च केली. त्याच्या पावपट जरी पाणी कुठे जातं याकडे लक्ष दिलं असतं तरी काम झालं असतं. स्प्रिंकलर नको, कारण तुषार श्वासात जातो. ठिबकच्या नळ्या मातीखाली किंवा पालापाचोळ्याच्या बोटभर जाड आच्छादनाखाली. कच्च्या खायच्या पालेभाज्या आणि कंदमुळांना हे पाणी नाहीच. फळझाडं आणि शोभेच्या झाडांना खुशाल द्या. पाणी साचून डबकं झालं तर तेवढा दिवस पाणी बंद.

मातीत प्रतिकार पसरेल का? माती काही कोरी पाटी नाही. कॅनडातल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीत बीटा-लॅक्टम, टेट्रासायक्लिन आणि व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकांना चकवणारी जनुकं सापडली आहेत, माणसाने औषध बनवण्याच्या कितीतरी आधीची. आतड्यातल्या उबेत वाढलेले जिवाणू या जुन्या रहिवाशांपुढे फार दिवस तग धरत नाहीत. इस्राएलमध्ये शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर भिजवलेल्या शेतांची २०१२ मध्ये गोड्या पाण्याच्या शेतांशी तुलना झाली, तेव्हा मातीतल्या प्रतिकाराची पातळी साधारण तेवढीच किंवा कमीच निघाली. ते पाणी शुद्ध केलेलं होतं, हे विसरू नये. पण कोरडं होणारं, हवा खेळणारं, जिवंत असं मातीचं फूटभर अंग माझ्या दोन झाकणांपेक्षा नक्कीच जास्त काम करतं.

पाणी तपासायला द्यायचं असेल तर साधा ई. कोलाय मोजून घ्या, तो पुरेसा बोलतो. प्रतिकाराचीच चाचणी हवी असेल तर ईएसबीएल प्रकारचा, म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातली बरीच औषधं निष्प्रभ करणारा, ई. कोलाय मोजायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण तिन्हीकडे एकाच मापाने देखरेख करायला हाच जिवाणू निवडला. मी ती चाचणी करून घेतलेली नाही. उत्तर काहीही आलं तरी नळ्या मातीखालीच राहणार होत्या.

घरात कुणी आजारी असेल तेव्हा

टाकीच्या आधी तीन तोंडांचा एक झडप-नळ हवाच, ज्याने पाणी एका झटक्यात गटाराकडे वळतं. जुलाब, कॅथेटर, वाहती जखम, केमोथेरपी, हॉस्पिटलमधून नुकतं घरी आलेलं माणूस, प्रतिजैविकांचा कोर्स चालू असलेलं कुणीही, मळलेली दुपटी: पाणी गटाराला. मी झडपेच्या दांड्याला त्या काळात लाल चिंधी बांधतो, नाहीतर कुणीतरी सवयीने ती पुन्हा फिरवतं.

पण एवढ्यावर भिस्त ठेवू नका. हट्टी जंतू आतड्यात शिरला की कोर्स संपल्यावरही महिनोन्‌महिने मुक्काम ठोकू शकतो, आणि त्या माणसाला काहीही होत नसतं. चिंधी सोडण्याचा नेमका दिवस म्हणूनच कुणी सांगू शकत नाही. मी दोन आठवडे थांबतो, आणि मातीखालच्या नळ्या बारा महिने ठेवतो.

तरीही वास आलाच तर

पिण्याच्या नळाला वास आला तर बाकी सगळं थांबवा. दोन वाहिन्या कुठेतरी जुळल्या असण्याची शंका घ्या. ग्रेवॉटरच्या घरातला हा सगळ्यात गंभीर दोष. परीक्षा सोपी: ग्रेवॉटरच्या टाकीत खाण्याचा गडद रंग टाका, मुख्य पाणी बंद करून ग्रेवॉटरचा पंप चालवा, आणि घरातला एकेक नळ पांढऱ्या भांड्यात सोडून बघा. रंग फक्त फ्लशमध्ये दिसायला हवा. दुसरीकडे कुठेही दिसला तर पंपाची वायर काढा आणि प्लंबरला बोलवा. टाकी कोरडी पडल्यावर तिच्यात नळाचं पाणी भरण्याची सोय असेल तर तो नळ टाकीतल्या पाण्यापासून वर, मधे मोकळी हवा ठेवूनच असला पाहिजे. पाण्यात बुडालेला पाइप चालणार नाही.

वास फक्त फ्लशलाच येत असेल आणि टाकी ठणठणीत असेल, तर फ्लशच्या टाकीच्या आतला थर राहून गेलाय. तिथली रबरी झडप उलटी करून बघा, खालच्या बाजूला हा थर हमखास असतो. फ्लश करताना झाकण बंद करायची सवयही लावून घ्या.

आणि वास फक्त सकाळी, फक्त न्हाणीत येत असेल, तर टाकीला शिव्या देण्याआधी जमिनीवरच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. मी एकदा दोन दिवस फिल्टर उपसत बसलो होतो. शेवटी निघालं काय, तर वापरात नसलेल्या न्हाणीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं होतं आणि वास थेट गटाराचा येत होता.